हा निसर्गाचा कोप नव्हे!

नैर्ऋत्य मोसमी पावसाने मुंबईत प्रवेश करण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून ही समजली जाते. २०२५ साली हा पाहुणा २६ मे रोजीच उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो मुंबईत कधीच आला नव्हता. आणि कुलाब्याच्या वेधशाळेतील मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा उच्चांकही त्याच दिवशी मोडला गेला. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी मोठ्या समारंभाने खुले झालेले वरळीचे भुयारी मेट्रो स्थानक त्या दिवशी चिखलपाण्याने भरून गेले. त्या स्थानकाला आचार्य अत्र्यांचे नाव आहे. आचार्य आज हयात असते तर त्यांनी या प्रसंगावर काय लिहिले असते, याची कल्पना आमच्या जुन्या वाचकांना सहज करता येईल. खुलासा करताना, अकस्मात कोसळलेल्या पावसाकडे बोट दाखविण्यात आले.

हा खुलासा मुंबईकरांना नवा नाही. एके काळी शहरात पाणी तुंबले की 'निसर्गाच्या कोपापुढे कोणाचे काय चालणार?' असा सुस्कारा टाकून अधिकारी मोकळे होत असत. आता तो शब्द मागे पडला असून त्याची जागा 'हवामानबदल' या शब्दाने घेतली आहे. शब्द शास्त्रीय आहे, भारदस्त आहे, आणि दुर्दैवाने खराही आहे. परंतु खऱ्या शब्दाचाही सबब म्हणून उपयोग करता येतो. जगाचे हवामान बदलत आहे, तेव्हा अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जाणारच, असे जेव्हा सुचविले जाते तेव्हा एका सत्याच्या आडोशाला दुसरे सत्य दडविले जात असते. हवामान आपण होऊन बदललेले नाही. माणसाने ते बदलविले आहे, हे पहिले सत्य. आणि त्या बदलाचे रूपांतर संकटात व्हावे अशी व्यवस्थाही याच शहरात, आपल्या डोळ्यांदेखत, माणसांनीच केली आहे, हे दुसरे. या दोन्ही सत्यांचा हिशेब एकाच ठिकाणी मांडून पाहावा म्हणून आज आम्ही जुहूचे उदाहरण घेत आहोत.

जुहू हे नाव उच्चारले की वाचकांपुढे भेळेच्या गाड्या, नारळाची झाडे आणि चित्रपटनटांचे बंगले उभे राहतात. परंतु एकोणिसाव्या शतकात जुहू हे साष्टीच्या पश्चिमेला असलेले एक वेगळे बेट होते. बेट तरी कसले? समुद्रसपाटीपासून हातभर वर आलेला वाळूचा एक लांबट, अरुंद दांडा. ओहोटीच्या वेळी मधली खाडी तुडवीत पलीकडे जाता येत असे. जमशेटजी टाटांनी येथे जमीन घेऊन वसाहतीची मोठी योजना आखली होती. १९०४ साली त्यांचे निधन झाले आणि ती योजना मागे पडली. येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्यावर १९२४ मध्ये, आणि आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेनंतर १९४४ मध्ये, महात्मा गांधी प्रकृती सुधारण्यासाठी याच किनाऱ्यावर येऊन राहिले होते. १९२८ साली येथे विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन आपले विमान येथेच उतरविले.

त्या विमानतळाची एक गोष्ट आमच्या विषयाला फार उपकारक आहे. पावसाळा आला की जुहूचे ते मैदान भरतीच्या पाण्यामुळे निरुपयोगी होई. तेव्हा टाटांची मंडळी काय करीत? ते आपली विमाने, सामानसुमान व माणसे घेऊन पुण्याला जात आणि पावसाळा संपला की परत येत. पाण्याची जागा कोणती आणि माणसाची कोणती, हे त्या पिढीला ठाऊक होते. पुढे मधली खाजणे भरावाखाली गेली. बेट साष्टीला जोडले गेले, साठीच्या दशकात सहकारी गृहरचना संस्थांची टुमदार वसाहत उभी राहिली, आणि आता त्या वसाहतीतील दुमजली घरे पाडून तेथे काचेच्या भिंतींचे मनोरे उभे राहत आहेत. जमिनीची पातळी मात्र जिथे होती तिथेच आहे. आणि समुद्राची?

समुद्राचा विचार करण्यापूर्वी हवेचा विचार केला पाहिजे. आमच्या आयुष्याचा काही काळ शाळेतील फळ्यासमोर गेला आहे, तेव्हा ही गोष्ट शाळेतल्याच भाषेत सांगण्याची वाचकांनी आम्हांला मुभा द्यावी. पृथ्वी सूर्याकडून मिळालेली उष्णता पुन्हा अवकाशात परत टाकीत असते. हवेतील बाष्प, कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ज्याला आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू तो, आणि मिथेन हे या परतीच्या उष्णतेचा काही भाग अडवून धरतात. ही गोधडी मुळीच नसती तर पृथ्वी गारठून गेली असती. पण गोधडीवर गोधडी चढवीत गेल्यास अंगाला घाम फुटणार हेही तितकेच उघड आहे. हे ज्ञान कालपरवाचे नाही. कर्बवायूच्या या गुणाची नोंद अमेरिकेत युनिस फूट या विदुषीने १८५६ मध्ये केली, इंग्लंडमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ पासून त्यावर प्रयोग केले आणि स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये त्याचे गणितही मांडून दाखविले.

गोधडी किती जाड झाली आहे? कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे त्याचे नियमित मापन सुरू केले तेव्हा तो आकडा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या पलीकडे गेला आहे. ही वाढ ज्वालामुखींनी किंवा समुद्राने केली नसेल कशावरून, असे विचारणारे अजूनही भेटतात. त्यांना उत्तर असे की, कर्बालाही कुळशीळ असते. जिवंत झाडापानांतील कर्बात किरणोत्सर्गी कर्बाचा एक अल्पसा अंश असतो. कोट्यवधी वर्षे भूगर्भात गाडलेल्या कोळशात व खनिज तेलात तो पार नाहीसा झालेला असतो. हवेतील कर्बवायूत हा अंश विरळ होत चालला आहे, ही गोष्ट १९५० च्या दशकातच शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली. वाढलेला कर्ब कोणाच्या घरचा आहे, हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात, पृथ्वी तापण्यास मानवी व्यवहार कारणीभूत आहेत हे निःसंदिग्ध असल्याचा निर्वाळा दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान त्या वेळी सुमारे १.१ अंश सेल्सियसने वाढलेले होते. २०२४ हे वर्ष तर नोंदींतील सर्वांत उष्ण ठरले आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने त्या एका वर्षापुरती वाढ १.५ अंशांच्याही वर गेली.

एक-दीड अंश म्हणजे काय मोठे, असे वाटण्याचा संभव आहे. थर्मामीटरवर रोग्याचा ताप दीड अंशाने चढला तर घरातली माणसे काय करतात, ते आठवावे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. आणि हे बाष्प आमच्या किनाऱ्याला पुरविणारा अरबी समुद्र वेगाने तापत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. विशेष म्हणजे त्याच पट्ट्यातील मोसमी पावसाची एकूण बेरीज या काळात घटली आहे. म्हणजे पाऊस वाढला असे नाही. पावसाची रीत बिघडली. जो पाऊस पूर्वी आठवडाभर संततधार धरून जमिनीत मुरत असे, तो आता एका दुपारी अंगावर येतो आणि मग पंधरा दिवस तोंड दाखवीत नाही.

वादळांचीही तीच कथा. आमच्या लहानपणी चक्रीवादळ म्हणजे बंगालच्या उपसागराची पीडा, असाच पाठ आम्ही घोकला आणि पुढे मुलांकडून घोकवूनही घेतला. तो पाठ आता दुरुस्त करावा लागेल. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, असे पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. एकट्या २०१९ मध्ये या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले आणि मुंबई थोडक्यात बचावली. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईच्या बाजूने निघून गेले. किनाऱ्याला न शिवताही त्याने सांताक्रूझला एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला आणि समुद्रात तेलविहिरींच्या कामावरील एक तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

आणि समुद्राची पातळी? १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्र सरासरी वीस सेंटिमीटरने वर आला. यातही खरी चिंतेची बाब वेगाची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत ही चढण वर्षाला १.३ मिलिमीटर होती. २००६ नंतरच्या बारा वर्षांत ती ३.७ मिलिमीटरवर गेली. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि वितळलेले हिम समुद्रास मिळते, इतके हे साधे आहे. हिमालयाएवढ्या भिंतीमागे राहणाऱ्याला वीस सेंटिमीटरचे काही वाटणार नाही. वाळूच्या दांड्यावर राहणाऱ्याला वाटले पाहिजे.

येथवर जगाचा हिशेब झाला. आता शहराचा हिशेब पाहू.

२६ जुलै २००५ ही तारीख विसरलेला मुंबईकर विरळा. त्या दिवशी जुहूपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पडला. दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती होती. चारशेहून अधिक मुंबईकर त्या जलप्रलयात दगावले. इतका पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शहराच्या जुन्या पर्जन्य-जलवाहिन्या तासाला अवघा २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेल्या होत्या, आणि ती क्षमता दुप्पट करावी, किनाऱ्यावर आठ उदंचन केंद्रे उभारावीत, असा आराखडा १९९३ पासून महापालिकेच्या दप्तरात पडून होता. बारा वर्षे तो तेथे काय करीत होता, हा प्रश्न पावसाला विचारता येत नाही.

जुहू-विलेपार्ल्याचे पाणी समुद्राला नेऊन पोहोचविण्याचे काम मुख्यत्वे इर्ला नाल्याचे आहे. मुंबईचे बहुसंख्य नाले भरतीच्या पातळीच्या खाली समुद्रास मिळतात. भरती आली की समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून दारे बंद करावी लागतात आणि मग आतले पाणी यंत्रांनी उपसून बाहेर टाकावे लागते. समुद्र जसजसा वर चढेल तसतसे ही दारे अधिक वेळ बंद ठेवावी लागतील, आणि पाऊस जसजसा अधिक धसमुसळेपणाने कोसळेल तसतसे दारामागे साचणारे पाणी वाढेल. जगाचा हिशेब आणि शहराचा हिशेब नेमके येथे, इर्ला नाल्याच्या मुखाशी, एकमेकांना येऊन भिडतात. २००५ च्या धड्यानंतर इर्ला व गझदरबंद येथे उदंचन केंद्रे झाली आणि त्यांचा उपयोगही होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु जवळच्याच मोगरा नाल्यावरील केंद्र जमिनीच्या वादात वर्षानुवर्षे अडकून राहिले, आणि तासाला ५० मिलिमीटरचा जो नवा माप ठरविला गेला तो १९९३ च्या पावसाला बेतून होता. पाऊस वाढत्या अंगाचा झाला असून आपण त्याला अजून जुन्याच मापाचा सदरा शिवीत आहोत.

तिवरांच्या बाबतीत तर आपण हातचा सोडून पळत्याच्या पाठी लागलो आहोत. तिवरांची दाट मुळे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, पुराचे पाणी काही काळ आपल्यापाशी थोपवतात आणि खाली चिखलात कर्बाचा साठा करून ठेवतात. इतकी कामे विनावेतन करणारा नोकर महापालिकेला दुसरा मिळणार नाही. पुराच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये शासनाने त्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. आणि आता वर्सोव्यापासून उत्तरेस भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यासाठी सुमारे ४५,००० तिवरांना बाधा पोहोचणार आहे. त्याच्या भरपाईसाठी अन्यत्र रोपे लावण्याची हमी देण्यात आली आहे. रोपे लावावीत, जरूर लावावीत. परंतु वर्सोव्यावर चालून येणारी लाट दुसऱ्या तालुक्यातील रोपे अडविणार नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे.

हा सारा भार कोणाच्या डोक्यावर पडतो? जुहूत राहणारे सगळेच एका नावेत बसले आहेत असे म्हणण्याची पद्धत आहे. ती खरी नाही. मनोऱ्याच्या अठराव्या मजल्यावर पाणी चढत नाही. ते नाल्याकाठच्या वस्तीत शिरते, आणि तेथे एका रात्रीत धान्य, अंथरूण, मुलांची पुस्तके व महिन्याची मजुरी घेऊन जाते. जुहूच्या कोळीवाड्याचे दुःख आणखी निराळे आहे. वादळाच्या प्रत्येक इशाऱ्यासरशी होड्या वाळूवर ओढाव्या लागतात आणि तितके दिवस चूल थंडावते. पाच वादळांच्या २०१९ सालात महाराष्ट्राच्या सागरी मासळीची आवक सुमारे दोन लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक होता. मासळी घटण्यास तापलेला समुद्र एकटाच जबाबदार आहे असे आम्ही म्हणणार नाही. बारीक आसाची जाळी, यांत्रिक नौकांची बेसुमार मासेमारी आणि शहराचे सांडपाणी यांचाही त्यात मोठा वाटा आहे. परंतु आधीच अशक्त झालेल्या माणसाला ताप यावा, तशी ही गत आहे.

उष्म्याचेही तसेच. खारे वारे व मतलई वारे यांचा पाठ आपण सर्वांनी वाचला आहे: दुपारी जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घेण्यास धावते. मुंबईचा उन्हाळा सुसह्य होतो तो या खाऱ्या वाऱ्यामुळे. पण समुद्रच तापला, किनाऱ्यावर मनोऱ्यांची भिंत उभी राहिली आणि प्रत्येक खिडकीतील वातानुकूलन यंत्र आतली उष्णता गल्लीत ओतू लागले, तर तो वारा मागल्या पत्र्याच्या घरात काय घेऊन जाणार? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या शासकीय समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. दमट हवेतील उन्हाने माणूस मरतो, हे कळण्यासाठी आणखी पुराव्याची गरज नाही.

येथे आमचे काही सुबुद्ध वाचक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. ते म्हणतील की, हे पाप पाश्चात्त्यांचे आहे. दर अमेरिकन माणसामागे वर्षाला चौदा टनांच्या आसपास कर्बवायू हवेत जातो, भारतीयामागे सुमारे दोन टन. आणि आजवर साचलेल्या एकूण कर्बवायूचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. तेव्हा आधी त्यांनी आवरावे. जागतिक परिषदांत भारताने ही भूमिका १९९२ च्या रिओ परिषदेपासून मांडली आहे आणि तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु देशाची सरासरी ही परिषदेत मांडण्याची गोष्ट आहे. घरी आणून पांघरून झोपण्याची नव्हे. भारतीयाचे दोन टन हे मेळघाटातल्या कोरकूचे आणि जुहूतल्या तीन मोटारींच्या कुटुंबाचे मिळून सरासरीने निघालेले दोन टन आहेत. ज्याच्या घरात रात्री एक दिवा जळतो, त्याच्या काटकसरीवर आपल्या चैनीचा हिशेब साजरा करणे सुशिक्षितांना शोभत नाही.

या शहराच्या कर्बवायूत सर्वांत मोठा वाटा विजेच्या वापराचा आहे. उपनगरांना वीज पुरविण्यासाठी डहाणू येथे कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलेला होता. तेथील चिकूच्या बागाईतदारांनी आणि आदिवासींनी या केंद्राला केलेला विरोध न्यायालयापर्यंत गेला. आपल्या खोलीत थंडावा हवा म्हणून आपण कोळशाचे धुराडे दुसऱ्याच्या वाडीत उभे केले, आणि त्याचा धूर दिसत नाही म्हणून आपण स्वच्छ आहोत असे समजत राहिलो. अलीकडे उपनगरांच्या विजेत सूर्य व वारा यांपासून मिळणाऱ्या विजेचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला आहे. ही समाधानाची बाब आहे. मनात आणले तर बदल करता येतो, याचा तो पुरावाही आहे.

तेव्हा करावयाचे काय? योजनांचा दुष्काळ नाही. 'मुंबई वातावरण कृती आराखडा' मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला; देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल ठरविले असताना मुंबईने २०५० हे साल जाहीर केले. योगायोग असा की, त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे हे शहर लोकनियुक्त प्रतिनिधींवाचून चालले. आराखडा होता, पण त्याबद्दल जाब विचारणारे सभागृह नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. आता सबब संपली आहे.

आमची अपेक्षा मोजकीच आहे. २०२४ पासून महापालिका वातावरणाचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडू लागली आहे. त्यात किती कोटी खर्च झाले याऐवजी, किती कर्बवायू घटला आणि कोणत्या वस्तीत पाणी शिरायचे थांबले, हे प्रभागवार छापले जावे. जुन्याच गटारकामांवर नवी चिठ्ठी डकविणे म्हणजे हिशेब नव्हे. नाल्यांची व उदंचन केंद्रांची क्षमता आजच्या व उद्याच्या पावसाचे माप घेऊन पुन्हा ठरविली जावी. उरलेल्या तिवरांना व मोकळ्या जमिनींना 'रिकामी जागा' समजणे थांबावे. पाणी मुरण्यासाठी व थोपण्यासाठी राखलेली जमीन ही रिकामी नसते, ती कामावर असते. आणि रस्त्यांवर हजारो कोटी ओतताना बेस्टच्या गाड्यांकडेही पाहावे. एके काळी चार हजारांवर असलेला हा ताफा तीन हजारांच्या खाली यावा आणि त्याच वेळी मोटारींसाठी समुद्रात खांब रोवले जावेत, ही वातावरण सुधारण्याची रीत नव्हे.

पण सारे महापालिकेवर लोटून आम्हांला मोकळे होता येणार नाही, आणि वाचकांनाही नाही. इमारतीचा पुनर्विकास करताना सर्वसाधारण सभेत चर्चा कशाची होते? वाढीव चौरस फुटांची आणि मोटारी ठेवण्याच्या जागेची. गच्चीवर सौर पट्ट्या बसविल्या जातील काय, अंगण फरशीने बंद न करता पाणी मुरण्यासाठी उघडे राहील काय, काचेच्या भिंतीऐवजी वारा येईल अशा खिडक्या ठेवता येतील काय, हे प्रश्न विचारणारा एखादा सभासद निघालाच तर तो हास्यास्पद ठरतो. हे प्रश्न विचारण्याइतके शिक्षण ज्यांना मिळाले आहे, त्यांच्यावरच ते विचारण्याची जबाबदारी आहे. आणि नाल्याकाठच्या वस्तीचे पुनर्वसन होताना तेथील रहिवाशांना कोठे फेकले जाते, हेही सुशिक्षितांनी विचारले पाहिजे. कारण आपल्या थंडाव्याची किंमत आजवर तेच भरीत आले आहेत.

पुढल्या पावसाळ्यात केव्हातरी साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दुपारी येतील. इर्ला नाल्याची दारे बंद होतील आणि आतले पाणी चढू लागेल. तेव्हा पुन्हा कोणीतरी हवामानबदलाकडे बोट दाखवील. त्या वेळी मुंबईकरांनी एवढेच विचारावे: हवामान बदलत आहे हे तुम्हांला ठाऊक होते, मग तुम्ही काय बदललेत? आणि हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी प्रत्येकाने तो एकदा आपल्या घरात विचारून पाहावा.